पाळीवरची वर्दळ, पाण्याखालचे गवत

पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला कमळांचा तलाव असलेले हे गाव गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. रविवारी आसपासचे लोक डबे घेऊन येथे येतात, मुले पायऱ्यांजवळ पोहतात आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील तरुण पाहुण्यांना नावेतून फेरी मारून आणतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे 6,000 हून अधिक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. त्यांतील अनेक तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले; याच तालुक्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातही पाळीवर माती टाकणे आणि गाळ उपसणे ही कामे गाव मिळून करीत असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि मालकीबरोबर देखभालही गावाच्या हातून सुटली. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत, परंतु प्रत्येक तलावापर्यंत दरवर्षी निधी पोहोचत नाही.

या गावाने मात्र तलावाची देखभाल पुन्हा हाती घेतली आहे. काम सुरू होते ते उन्हाळ्यात. पाणी ओसरलेल्या काठावर माणसाच्या उंचीचे बेशरम माजले आहे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या झुडपाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, आणि ते नुसते छाटले तर ओलीत पडलेल्या कांडीलाही मुळे फुटतात. म्हणूनच गावातील ढिवर बाया कुदळीने बुडखा उकरून काढत आहेत. त्या मुळाची माती झटकतात, वाटेत पडलेली कांडी न कांडी वेचतात आणि सगळा ढीग पाळीपलीकडे नेऊन वाळवतात. झाडोरा निघाल्यावर तळ ट्रॅक्टरने नांगरला जातो, कारण घट्ट बसलेल्या गाळात पाणवनस्पतींची मुळे धरत नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाला त्याच जागी गुडघाभर पाणी साचते आणि लावणी सुरू होते. टोपलीत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि देवधानाची (रानटी भाताची) रोपे असतात. प्रत्येक जुडीच्या मुळाशी चिखलाचा गोळा दाबायचा, वाकून ती तळात रोवायची आणि पाऊलभर पुढे सरकायचे, अशी ही रीत धानाच्या रोवणीसारखीच आहे. हे पाण्याखालचे गवत पाण्यात प्राणवायू सोडते, गाळ धरून ठेवते, आणि मरळ, शिंगी, मागूर यांच्या पिल्लांना त्यात आसरा मिळतो. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, हे ढिवर बायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या कामाची आखणी त्यांच्या सांगण्यावरून झाली, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. तळ उकरून गवत उपटणारा सायप्रिनस आणि गवत खाणारा गवत्या मासा तलावात सोडायचा नाही, हेही त्यांनीच ठरवून घेतले.

पैशाचा प्रश्न ग्रामसभेत सुटला. नावेच्या तिकिटाचा आणि वाहनतळाच्या शुल्काचा ठरावीक वाटा तलावाच्या खात्यात जमा होतो, मच्छीमार सहकारी संस्था मासेविक्रीतून आपला हिस्सा देते आणि धान घरी आल्यावर प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे वर्गणी घालते. गाळ काढण्याचे मोठे काम रोजगार हमीतून होते, आणि ज्यांच्याकडे द्यायला पैसा नसतो ते श्रमदान करतात. जमाखर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला दिसतो. पाळीवर पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे बसवण्याची मागणीही पुढे आली होती. मात्र पहिला पैसा पाण्यावर खर्च व्हावा, असे सभेने ठरवले, आणि आमच्या मते विदर्भातील प्रत्येक तलावावर हाच क्रम असला पाहिजे. पाणी कुजल्यावर त्या दिव्यांखाली फिरायला कोणी येणार नाही.

जाळ्यात मरळ पुन्हा येऊ लागली आहे, आणि हिवाळ्यात अडई बदकांचे थवे उतरतात.

सांडव्याचे दगड मात्र अजून ढासळलेलेच आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने जिल्हा परिषदेकडे पाठवला असून मंजुरी मिळाल्यास गावाचा वाटा म्हणून द्यावयाची रक्कम या हंगामाच्या वर्गणीतून बाजूला काढण्यात आली आहे.