चाकोरीतले पाणी: अवघड ऑफ-रोड वाटेची देखभाल

मंडळी, वाट साफ करायला निघालेल्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या गाड्यांच्या) गटाच्या गाड्या उघडून पाहिल्या तर त्यांत साधारण काय सापडते? दोन-तीन चेनसॉ, प्रत्येक गाडीला विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र), शॅकलची, म्हणजे दोर जोडायच्या लोखंडी कड्यांची, जड पेटी, आणि सगळ्याच्या तळाशी एखादे फावडे. हे प्रमाण उलटे हवे. आडवे पडलेले झाड डोळ्यांत भरते, वाट अडवते, कापले की फोटोही झकास येतो. पण वाट मोडते ती पाण्याने. झाड म्हणजे एका दुपारचे काम. चाकोरीत उतरलेल्या पाण्याने एका पावसाळ्यात केलेली नासधूस निस्तरायला मात्र तीन-चार मोसम जातात.

हे कसे घडते ते आधी नीट पाहू. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या वाटेवर चाके माती दाबतात, दोन चाकोऱ्या पडतात, आणि दाबलेली माती थोडी-थोडी बाहेरच्या कडेला सरकून तिथे वरंबा तयार होतो. वरंबा नव्हता तोवर डोंगरावरून आलेले पाणी वाट ओलांडून दरीकडे निघून जात होते. आता ते आतला उतार आणि बाहेरचा वरंबा यांच्यामध्ये कोंडते आणि वाटेच्याच लांबीने धावू लागते. चाकोरी 25-30 सेंटिमीटर खोल झाली की गाडीचा डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा फुगीर डबा) मधल्या उंचवट्याला घासतो. मग चालक एक चाक कडेवर घेतो, वाट रुंदावते, नवी चाकोरी पडते, आणि पाण्याला दुसरी वाट मिळते. लोक म्हणतात, गाड्यांनी वाट खराब केली. खरे तर गाड्यांनी पाण्याला रस्ता काढून दिला, बाकीचे पाण्याने केले.

म्हणून पहिले काम वरंबा उतरवणे. त्यात नुसती खाच पाडून भागत नाही, ती पहिल्याच पावसात गाळाने बुजते. सगळा वरंबा टिकावाने सोडवायचा आणि ती माती चाकोरीत परत भरायची. एकदम नाही, 10 ते 15 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. माती ओलसर असावी. मूठभर घेऊन दाबा: गोळा झाला, बोटाने ढकलल्यावर फुटला, तर योग्य. पाणी टपकले किंवा हाताला चिकटले तर त्या दिवशी मातीचे काम करू नका आणि वाटेवर गाडीही नेऊ नका. कोरडी माती दबतच नाही, पहिल्या वाऱ्या-पावसात निघून जाते.

काम झाल्यावर वाटेला बाहेरच्या बाजूला 3 ते 5 टक्के उतार हवा. तीन मीटर रुंद वाटेची बाहेरची कड आतल्यापेक्षा 9 ते 15 सेंटिमीटर खाली आली, की झाले. तीन मीटरची सरळ काठी आणि पाणसळ एवढ्यावर हे मोजता येते. डोळ्यांवर विसंबू नका, डोंगरउतारावर डोळे हमखास फसतात. मात्र चिकणमाती असेल आणि बाहेरच्या बाजूला खोल दरी असेल, तिथे एवढा उतार देणे म्हणजे ओल्या दिवशी गाडीला दरीचे आमंत्रण. तिथे वाट सपाट ठेवून पाणी काढण्यासाठी दुसरी युक्ती करायची.

ती युक्ती म्हणजे लाटेसारखा पसरट खळगा आणि त्याच्या खालच्या अंगाला तितकाच पसरट उंचवटा. पायवाटांवर ओंडका आडवा पुरून पाणी वळवतात, ते गाडीवाटेवर टिकत नाही. चाक दर वेळी ओंडक्याला धडकते, ओंडका सैल होतो, चाक त्याच्या मागे खड्डा पाडते, आणि वर्षभरात ओंडका एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. खळगा-उंचवटा मिळून लांबी किमान 6 ते 10 मीटर आणि तळापासून माथ्यापर्यंत ठोकून बसवल्यानंतरची उंची साधारण 30 सेंटिमीटर असावी. तळाची रेषा वाटेला काटकोनात नको, 30 ते 45 अंश तिरकी हवी. सरळ आडवी ठेवली तर पाणी मंदावते आणि गाळ तिथेच टाकते.

दोन खळग्यांमध्ये किती अंतर? ढोबळ हिशोब असा: 5 टक्के चढाला सुमारे 40 मीटर, 10 टक्क्यांना 24-25, आणि 20 टक्क्यांना 14 मीटर. भुसभुशीत माती असेल तर अंतर आणखी कमी. पण हा तक्ता हातात धरून फूटपट्टीने खुणा करत जाऊ नका. खळगा तीव्र उतार सुरू होण्याच्या आधी, म्हणजे त्याच्या वर, वळणाच्या वर, डोंगरातून झरा वाटेवर येतो त्याच्या लगेच खाली असा हवा. साधारण 15 टक्क्यांच्या पुढे मातीचा खळगा कुचकामी होऊ लागतो, चढताना फिरणारी चाके त्याचा माथा खरवडून काढतात. तिथे दगडच लागतात.

आणि निचऱ्याचे तोंड! खळगा सुंदर बांधतात आणि तोंड एका फावड्याच्या रुंदीचे ठेवतात. तोंड किमान 60 सेंटिमीटर रुंद हवे, पुढे दोन-तीन मीटरचा चर हवा, त्या चराला सतत उतार हवा, आणि शेवट गवतावर किंवा दगडांच्या पसाऱ्यावर व्हावा, म्हणजे पाणी पसरते आणि घळ पडत नाही. निचरा बंद पडण्याची सर्वांत मोठी कारणे म्हणजे पाने आणि गाळ. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, सगळी तोंडे उपसायची. एवढे एकच काम नेमाने करणारा गट बाकी काही न करताही वाट जिवंत ठेवतो.

आता दगड. प्रत्येक बाजू 50 सेंटिमीटर असलेला ग्रॅनाइटचा चौकोनी दगड सुमारे 330 किलो भरतो. तो उचलायचा नसतो, पहारेने सरकवायचा असतो: पहार खाली घातली, टेकू दिला, बोटभर हलला की मागे पाचर, पुन्हा पहार. बोटे दगडाखाली कधीच नाहीत. खालच्या बाजूला कुणी उभे नाही. तीव्र चढावर फरसबंदी करताना सुरुवात तळापासून करायची. सर्वांत मोठा दगड तळाशी, दोन तृतीयांश जमिनीत गाडलेला, आणि त्याच्या आधाराने वरचे बसवत जायचे. दगडाची लांब बाजू चढाच्या पोटात घालायची, वाटेवर आडवी पसरायची नाही. सपाट तोंड वर करून पसरलेला चपटा दगड दिसायला देखणा असतो, पण पहिले फिरते चाक तो उखडून टाकते. एकट्या माणसाला सहज उचलता येणारा दगड चाकाखाली टिकत नाही हा नियम लक्षात ठेवा. लहान दगड फटी भरायला, तेही हातोड्याने ठोकून.

इथे एक प्रश्न येतो आणि त्यावरून गटांत भांडणेही होतात: वाट सोपी करायची का? माझे मत स्पष्ट आहे, नाही. खडकाची पायरी, मोठाल्या धोंड्यांची रांग, ज्यासाठी लोक त्या वाटेवर येतात ते तसेच राहू द्यायचे. खडक झिजत नाही, त्याला दुरुस्ती लागत नाही. दुरुस्ती लागते ती खडकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मातीला. पायरीच्या पायथ्याची माती वाहून गेली की 50 सेंटिमीटरची पायरी 80 ची होते. ते 30 सेंटिमीटर परत भरणे ही दुरुस्ती. पायरीच फोडणे ही मोडतोड. पायरी चढण्यासाठी चालकांनी रचलेले सुटे दगड मात्र रोज काढून बाजूला टाकावेत, कारण ते पाणी अडवतात आणि पुढच्या गाडीच्या टायरच्या कडा चिरतात.

अडथळ्याला बगल देऊन काढलेल्या वाटा बंद करणे हे सर्वांत चिकट काम. तोंडाशी दोन फांद्या टाकल्या तर पुढच्याच रविवारी त्या बाजूला झालेल्या असतात. चालकाला पलीकडची वाट दिसते तोवर तो तिकडे जाणारच, म्हणून दोन्ही टोकांना आडोसा हवा. दाबलेली माती टिकावाने 10-15 सेंटिमीटर खोल उकरायची, म्हणजे बी रुजते आणि पाणी मुरते. वाळलेल्या फांद्या जमिनीत उभ्या रोवायच्या, त्यामागे मोठे धोंडे एक तृतीयांश गाडून, दोन धोंड्यांमध्ये गाडी जाईल एवढी जागा न ठेवता. आणि आधी विचारायचे, बगलवाट पडलीच का? मूळ वाटेवर चिखलाचा डोह असेल तर तो काढल्याशिवाय कितीही धोंडे लावा, नवी बगल पडते. डोहात माती किंवा लाकडे टाकणे म्हणजे चिखलाला खाऊ घालणे. लाकूड कुजते, माती कालवली जाते. आधी चर काढून पाणी सोडायचे. तरीही जमीन मऊ राहिली तर जिओटेक्स्टाइलचे कापड (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे मजबूत कापड) अंथरून त्यावर 15-20 सेंटिमीटर खडी. कापड नसेल तर खडी चिखलात बुडून जाते.

झाडांबद्दल थोडक्यात, पण इथेच माणसे जखमी होतात. चेनसॉ चालवणारा प्रशिक्षित हवा. हेल्मेट, डोळे-कान यांचे संरक्षण, पायांना चेनसॉचे चॅप्स (साखळीपासून वाचवणारे जाड आवरण) हे सगळे अंगावर हवे. आडव्या झाडाचा दाब कुठे आणि ताण कुठे हे आधी वाचायचे. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वर दाब आणि खाली ताण असतो. वरून जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत काप घ्यायचा, प्लॅस्टिकची पाचर मारायची, मग खालून पुरा करायचा. आधी खालून कापले तर खोड अचानक फाटते, आणि सगळे वरूनच कापत गेले तर पाते अडकून बसते. मुळांसकट उपटलेले झाड कापले की बुंधा खड्ड्यात परत उभा राहू शकतो. त्या खड्ड्याजवळ कुणी नको. पात्याच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, साखळी अडकून सॉ तोंडावर उसळतो. इंधन भरले तिथून तीन मीटर दूर जाऊन सॉ सुरू करायचा.

कापलेला ओंडका विंचने ओढताना ध्यानात ठेवा: विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. वरच्या प्रत्येक थराला ती घटत जाते. स्नॅच ब्लॉक (दोर वळवणारी कप्पी) लावून दोर दुहेरी केला की ओढ जवळपास दुप्पट होते. आधाराच्या झाडाला रुंद पट्टाच, नुसता दोर साल कापतो. ताणलेल्या दोरावर वजनाची चादर टाकायची, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत माणूस नको. आणि गाडीच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) काहीही अडकवायचे नाही. तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो.

वाट ओढा ओलांडते तिथले काम वेगळ्या परवानगीचे असते, पात्रात मनाने हात घालू नका. मात्र ओढ्याच्या दोन्ही बाजूंना 10-15 मीटर आधी निचरा काढता येतो, म्हणजे गाळ पाण्यात न जाता गवतात थांबतो. हे नाजूक का आहे? कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामधली रुबिकॉन ट्रेल जगातल्या नावाजलेल्या अवघड वाटांपैकी एक. 2009 मध्ये तिथल्या पाणी-गुणवत्ता मंडळाने एल डोराडो काउंटी आणि वन खाते यांच्यावर स्वच्छतेचा आदेश बजावला. कारणे गाळ, सांडलेले तेल आणि माणसांचा मैला. वाटेचे भवितव्य या तीन गोष्टींवर येऊन ठेपते. म्हणून प्रत्येक गाडीत तेल शोषणारे पॅड आणि मैला परत नेण्याच्या पिशव्या ठेवा.

माणसांची मांडणी साधी ठेवा: सहा ते आठ जणांमागे एक प्रमुख, टिकाव चालवणाऱ्यांत तीन मीटर अंतर, प्रत्येकी चार लिटर पाणी. जमिनीच्या मालकाकडून कामाची व्याप्ती लेखी घ्या, ठरलेल्या जागी अक्षांश-रेखांशासह आधी आणि नंतर एकाच कोनातून फोटो काढा, माणशी तास नोंदवा. पुढची परवानगी मागताना हीच वही कामी येते.

आणि पावसात वाटेवर एकदा पायी जा. गाडी घरी, हातात फावडे आणि खुणेच्या फिती. भरलेला खळगा कुठे उलटून वाहतो, कोणत्या तोंडातून पाणी येतच नाही, कोणत्या वळणावर ते परत चाकोरी धरते, हे कोरड्या दिवशी कितीही फिरलात तरी कळत नाही. तिथे फीत बांधा. पुढच्या कामाची यादी तिथूनच सुरू होते.