बाबांचा डबा आणि दोन पाकिटांतली एकच गोळी

नमस्कार श्रोतेहो. देवगड तालुक्यातल्या एका बाजारपेठेत माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दुकान एस.टी. थांब्यासमोरच, त्यामुळे दुपारच्या गाडीनं येणारी म्हातारी माणसं आधी माझ्या बाकड्यावर टेकतात, मग पिशवीतून रिकामं पाकीट काढून म्हणतात, "ह्याच दी." चिठ्ठी नसतेच. गोळी कशाची, किती पॉवरची, काही ठाऊक नाही. पाकिटाचा रंग मात्र पाठ.

कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू असताना डॉक्टरांनी दुसरी जोडून दिली, तर आईवडिलांच्या वयाला ते झेपेल का? हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा विचारला जातो, बहुतेक वेळा मुंबईहून, फोनवर. उत्तर देण्याआधी माझ्याच घरातली गोष्ट सांगते. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी दादाकडे डोंबिवलीला असताना त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला. महिन्याभरानं कोकणकन्येनं कणकवलीला उतरले ते कापडी पिशवीभर औषधं घेऊन. त्यात एक कॅप्सूल होती. स्टेंट बसवलेल्यांना पुष्कळदा देतात तशीच, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉलसाठी २० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन, तिन्ही एकाच टोपणात. घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची आधीची गोळी होतीच. तीही जोडगोळी, ॲटोर्वास्टॅटिन आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीवरचं फेनोफायब्रेट. म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन रोज दोनदा पोटात जात होतं, दोन वेगळ्या नावांनी.

ती दोन्ही पाकिटं मीच माझ्या हातानं नेऊन देत होते. एक पाच तारखेच्या सुमाराला संपायचं, दुसरं वीसच्या. दोन्ही एकदम हातात कधी आलीच नाहीत.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांना खोकला झाला. जवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स मिळाला. पाचव्या दिवशी बाबा देवळाकडे जायला निघाले. आमच्या घराकडून देवळात जाणारी जांभ्याची पाखाडी आहे, सत्तरेक पायऱ्यांची. विसाव्या पायरीवर बसले ते उठेनात. दोन्ही मांड्या भरून आलेल्या, खांदे असे की केस विंचरायला हात वर जाईना. मी विचारलं तर म्हणाले, "वय झाला माझा, दुखतलाच."

त्या रात्री मी पडवीत डबा उपडा केला. जुनी गोळी अजून का घेताय, असं विचारलं. त्यांचं उत्तर बिनतोड होतं. "नवीन दिल्यांनी. पण जुनी बंद कर असा कोण बोलाक नाय."

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते सीपीके साधारण २०० च्या आत असायला हवं. बाबांचं १,४०० निघालं. मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही थोडं चढलेलं. डॉक्टरांनी जुनी जोडगोळी बंद केली. कॅप्सूलही काढून त्यातलं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुटं चालू ठेवलं, कारण स्टेंट असताना ती दोन्ही थांबवून चालत नाही. भरपूर पाणी प्यायला सांगितलं. तीन आठवड्यांत बाबा पाखाडी चढायला लागले. आणि मग त्याच डॉक्टरांनी त्यांना पुन्हा कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या सुरू केल्या. दादा फोनवर किती ओरडला म्हणून सांगू! तो चूक होता, डॉक्टर बरोबर होते. कसे ते सांगते.

आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिंव्हास्टॅटिन ही सगळी स्टॅटिन घराण्यातली औषधं तो कारखाना मंद करतात. या घराण्याचं मूळ जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीत शोधलं. एझेटिमाइब नावाचं औषध वेगळ्या जागी काम करतं. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जातं, ती वाट ते अडवतं. आता गंमत बघा. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. मात्रा तेवढीच ठेवून एझेटिमाइब जोडलं तर वीसेक टक्के. स्टॅटिनचा त्रास मात्र मात्रेबरोबर वाढतो. कोरियात हृदयविकाराच्या ३,७८० रुग्णांवर हेच करून पाहिलं. निम्म्यांना रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम, निम्म्यांना १० मिलिग्रॅम आणि सोबत एझेटिमाइब. निष्कर्ष २०२२ साली छापून आले. तीन वर्षांत हृदयाच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच, पण त्रासामुळे औषध सोडावं किंवा कमी करावं लागलं ते जोडीवाल्यांत शंभरात पाचाला, एकट्या मोठ्या मात्रेत आठाला. म्हणून म्हाताऱ्या माणसाला थोडं स्टॅटिन आणि एझेटिमाइब दिलं असेल तर घाबरू नका. बाबांना आज तेच चालू आहे.

फायब्रेटची, म्हणजे बाबांच्या जुन्या जोडगोळीतल्या दुसऱ्या औषधाची, गोष्ट निराळी. ट्रायग्लिसराइड फार चढले, ५०० च्या वर गेले, तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे फेनोफायब्रेटला काम आहे. पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि वयाबरोबर मूत्रपिंड मंदावतं. तेव्हा क्रिएटिनिन न बघता वर्षानुवर्षं ही गोळी चालू ठेवणं मला पटत नाही. यातलाच जुना भाऊ जेमफायब्रोझिल, तो तर स्टॅटिनबरोबर नकोच. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन २००१ साली जगभरातून मागे घेतलं गेलं. स्नायू वितळून मूत्रपिंडं बंद पडल्यानं माणसं दगावली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल चालू होतं.

आता त्या खोकल्याच्या औषधाकडे येते. ॲटोर्वास्टॅटिन आणि सिंव्हास्टॅटिन ज्या वाटेनं यकृतात मोडली जातात, नेमकी तीच वाट क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. व्हाळात ओंडका आडवा पडला की पाणी कसं मागे चढतं, तसं औषध रक्तात चढत जातं. गजकर्णासाठी देतात त्या इट्राकोनॅझोलचंही तेच. आणि आपल्याकडे पावसात गजकर्ण कुणाला होत नाही? रक्तदाबाची अमलोडिपिन चालू असेल तर सिंव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको. दवाखान्यात ताप-खोकल्याला गेलात तरी "कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे" एवढं सांगा. डॉक्टर दुसरं औषध देतील, किंवा तेवढे दिवस ती गोळी थांबवतील.

व्हॉट्सॲपवर "स्टॅटिननं स्नायू जातात" असं वाचून परस्पर गोळी सोडणारेही माझ्या बाकड्यावर येतात. इंग्लंडमध्ये, त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं देऊन पाहिलं. २०२० साली निकाल आला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या नव्वद टक्के पोकळ गोळीवरही. म्हणजे दुखणं खोटं नव्हे, पण दर वेळी ते औषधाचंच असतं असंही नाही. थायरॉइड मंद असेल तरी असंच अंग दुखतं. स्टेंट असलेल्या माणसानं तर स्वतःच्या मनानं गोळी बंद करूच नये, डॉक्टरांना विचारून करावी. एका बाबतीत मात्र वाट बघत बसू नका. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे एकदम गेले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पावसात आपल्याकडे आणखी एक भानगड असते. लेप्टोस्पायरोसिसमध्येही, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापातही, पोटऱ्या भयंकर दुखतात, लघवी गडद होते. लावणीला चिखलात उतरलेल्या माणसानं डॉक्टरांना दोन्ही सांगावं, शेतातलं पाणी आणि चालू असलेल्या गोळ्या. एक सांगून दुसरं राहिलं की निदान भलतीकडे जातं.

चतुर्थीला चाकरमानी येतात ना, तेव्हा एक काम करा. आरती झाल्यावर आईबाबांचा डबा आणा आणि सगळी पाकिटं चटईवर मांडा. कंपनीनं ठेवलेलं नाव सोडा, बारीक अक्षरांतले घटक वाचा. शेवटी "स्टॅटिन" असलेले शब्द दोन निघाले, तर दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. कुणी "कोलेस्टेरॉलवर नैसर्गिक" म्हणून लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल पाठवल्या असतील तर त्याही मांडा. त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त वेगळ्या वेष्टनात.

बाबांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा या सगळ्यातलं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, बांधलेलं पपनस खायचं की नाही. कुठूनतरी ऐकलं होतं. प्रश्न अगदीच वेडा नव्हता. ग्रेपफ्रूट हे फळ पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच झालं, आणि ग्रेपफ्रूटचा रस पुष्कळ प्यायला तर ॲटोर्वास्टॅटिन, सिंव्हास्टॅटिन रक्तात वाढतं. पण बाबांचं रोसुवास्टॅटिन त्या वाटेनं जातच नाही. डॉक्टर हसले, खा म्हणाले. विसर्जनाच्या दिवशी बाबांनी स्वतः माटवीवरून पपनस उतरवलं, मीठ-साखर लावून चार फोडी खाल्ल्या आणि उरलेल्या माझ्या दुकानात आणून दिल्या.