सध्या काय ऐकताय?

(ठाण्यात पार्श्वसंगीत ऐकणाऱ्या मित्रमंडळींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आपल्या बैठकीत प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली जाते, सध्या काय ऐकताय? मग ज्याने त्याने एक सिनेमा सांगायचा, त्यातला एक तुकडा वाजवायचा आणि तो का निवडला ते बोलायचं. आज तुम्ही मला एकट्यालाच बोलायला उभं केलंय, तर मी या प्रश्नाबद्दलच बोलतो. गेल्या काही वर्षांत मला सिनेमात जे नव्याने ऐकू यायला लागलं, ते बहुतेक तुम्ही दिलेल्या उत्तरांमुळे.

गाण्याला कुणाच्या शिफारशीची फारशी गरज पडत नाही. रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात ते आपल्याला गाठतंच. पार्श्वसंगीताचं तसं नाही. ते संवादांच्या खाली वाजतं, दाराच्या आवाजाखाली, पावसाखाली. आपण खुर्चीत बसून रडतो आणि बाहेर आल्यावर म्हणतो, काय काम केलंय तिने! त्या कामात एखाद्या सारंगी-व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्याचा वाटा किती होता, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ते ध्यानात आणून द्यायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. मला आज मुख्यतः हेच सांगायचंय की पार्श्वसंगीत ऐकणं एकट्याने पुरं होत नाही.

‘पथेर पांचाली’ घ्या. 1955चा सिनेमा, सत्यजित राय यांचा पहिला, संगीत रविशंकरांचं. हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी परततो. मुलगी दुर्गा गेली, हे त्याला ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून तो सर्वजयेला दाखवतो आणि शेवटी दुर्गेसाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. ती कोसळते. आपल्यापैकी काही जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की तिचं ते रडणं अजून कानात आहे. पण सिनेमात त्या क्षणी तिचा आवाज नाहीच. तिथे तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीत, पटदीप रागात. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर. तारशहनाई हे इसराजाच्या जातीचं, गजाने वाजवायचं वाद्य. त्याला कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा स्वर टोकदार होतो आणि माणसाच्या गळ्याच्या फार जवळ जातो. राय यांनी आईचा आवाज काढला आणि तिच्या तोंडी तो स्वर दिला. आपण तो प्रसंग त्या दिवशी पुन्हा लावला. एकदा चित्र झाकून नुसता ऐकला, एकदा आवाज बंद करून नुसता पाहिला. आवाज बंद केल्यावर एक बाई तोंड उघडते, एवढंच उरतं. हे सगळं संगीत रविशंकरांनी एका रात्रीत, सुमारे 11 तास सलग बसून ध्वनिमुद्रित केलं होतं. ज्या सिनेमाची आपण पिढ्यान्‌पिढ्या चित्रभाषेसाठी तारीफ करतो, त्याच्या सर्वांत दुखऱ्या जागी चित्राइतकंच काम एका वाद्याने केलंय. मला हे दुसऱ्याने दाखवल्यावर दिसलं.

आपल्याकडे अडचण अशी की दाखवून द्यायला हातात काही नसायचं. बाजारात सिनेमाची तबकडी यायची ती गाण्यांची. कॅसेट यायची तीही गाण्यांची. पार्श्वसंगीत थिएटरात वाजायचं आणि थिएटरातच संपायचं. ‘शोले’ 1975 साली आला, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. त्याच्या संवादांची एलपी निघाली आणि ती घराघरांत वाजली. लोक ती गब्बरच्या संवादांसाठी घेत होते, पण संवादांच्या मागचं संगीतही त्या तबकडीवरून घरी येत होतं. जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो, समोर हवेलीत राधा एकेक कंदील मालवत जाते. त्या धूनमागची फुंक भानू गुप्तांची. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, जे काय बोलणं आहे ते त्या माउथ ऑर्गनचं. आज मोबाइलवर तो तुकडा कुणीही सुटा ऐकू शकतो. माझ्या पिढीतले लोक टीव्हीच्या स्पीकरपाशी टेपरेकॉर्डर धरून, घरातल्यांना गप्प बसवून असे तुकडे उतरवून घेत. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची आणि ती कायमची त्या धूनमध्ये जाऊन बसायची. म्हणून 1995 साली ‘बॉम्बे’च्या कॅसेटवर ए. आर. रहमान यांची शब्दांविना असलेली थीम गाण्यांच्या बरोबरीने मिळाली, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं! गाण्यासारखीच ती मागे सरकवून पुन्हा ऐकता येत होती.

परदेशात सगळं सुखाचं होतं असंही नाही. ‘ब्लेड रनर’ 1982चा. व्हँगेलिस यांचं त्यातलं मूळ संगीत अधिकृत अल्बम म्हणून आलं 1994 साली. चाहत्यांनी 12 वर्षं वाट पाहिली. अ‍ॅलेक्स नॉर्थ यांची गोष्ट तर मला अजून अस्वस्थ करते. ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी त्यांनी संगीत लिहिलं, वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. दिग्दर्शक कुब्रिक यांनी ते सगळं बाजूला ठेवून आधीपासून तात्पुरत्या लावलेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनाच सिनेमात राहू दिल्या. नॉर्थना हे कळलं 1968 साली, सिनेमा पाहायला बसल्यावर. पुढे 1993 साली संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी ते संगीत नव्याने वाजवून घेऊन प्रसिद्ध केलं. आपल्यातल्या एकाने ते इथे ऐकवलं होतं, त्याच दृश्यांसोबत. कुब्रिक यांचा निर्णय सिनेमासाठी बरोबर होता, असं माझं मत आहे. तरी नॉर्थ यांचं संगीत ऐकलं जायला हवं, कारण एकाच चित्राकडे दोन माणसं किती वेगळ्या मनाने बघू शकतात हे त्यात कळतं.

आता जरा ठाण्याबद्दल. आपल्यातले बरेच जण ऐकतात प्रवासात. ऐरोली-कोपरखैरण्याहून येणारे ट्रान्स हार्बर लोकलमध्ये, बाकीचे घोडबंदर रोडच्या बसमध्ये. याचा परिणाम आपल्या आवडीवर होतो आणि हे आपण कधी बोललेलो नाही. गाडीची घरघर, इंजिनाचा गुरगुराट हा खालच्या पट्टीचा आवाज असतो आणि तो संगीतातल्या खालच्या पट्ट्या गिळून टाकतो. ‘इंटरस्टेलर’ या अंतराळावरच्या सिनेमात हान्स झिमर यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला मोठा ऑर्गन वापरलाय. त्या ऑर्गनचे सर्वांत खालचे स्वर कानापेक्षा छातीत जाणवतात. साध्या इअरफोनवर लोकलमध्ये ते जवळजवळ नाहीसेच होतात, आणि मग एखादा म्हणतो, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याचं खोटं नाही. त्याने ऐकलंय ते वरचं अर्धंच. याच्या उलट बर्नार्ड हरमन यांचं ‘सायको’. 1960चा कृष्णधवल सिनेमा, आणि हरमननी वाद्यवृंदातून फक्त तंतुवाद्यं ठेवली. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीत नकोच होतं. हरमननी तरीही लिहिलं, ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. ती वरच्या पट्टीतली व्हायोलिनं ऐन गर्दीच्या लोकलमध्येही पुरेपूर पोचतात. तेव्हा यापुढे काय ऐकताय हे सांगताना कुठे आणि कशावर ऐकलंत तेही सांगत चला. आणि झिमर यांचा तो ऑर्गन रात्री घरी, पंखा बंद करून ऐका. झिमरना त्या सिनेमासाठी दिग्दर्शक नोलान यांनी सुरुवातीला विषयच सांगितला नव्हता. अंतराळ नाही, काही नाही. बाप आणि मूल यांच्याविषयी लिहिलेला एक कागद फक्त दिला आणि त्यावर एक दिवस काम करायला सांगितलं. ते कळल्यावर मला त्या सगळ्या विश्वभर पसरलेल्या संगीतात बापाचं घर सोडून जाणं ऐकू येऊ लागलं.

मराठीकडे येतो. आपल्या बैठकीत ऐकलेलं सर्वांत चांगलं उत्तर मला वाटतं ‘कुंकू’ हे आहे. 1937चा प्रभातचा सिनेमा. म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेलं लग्न न मानणारी नीरा. संगीत केशवराव भोळे यांचं, पण पार्श्वसंगीत नाही. व्ही. शांताराम यांनी ठरवून ते वगळलं. प्रसंगात जे खरोखर वाजेल तेवढंच ऐकू येतं. ज्या काळात बोलपट जरा शांत झाला की वाद्यमेळ सुरू होई, त्या काळात हे केलंय. पार्श्वसंगीताच्या बैठकीत पार्श्वसंगीत नसलेला सिनेमा सांगणं हे धाडसाचं होतं आणि ते अगदी योग्य होतं. शांतता ही मुद्दाम योजावी लागते, हे त्या दिवशी आपल्याला नीट उमगलं.

त्याला लागूनच ‘सैराट’. 2016. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं. करमाळ्याकडच्या पोराच्या विहिरीतल्या उडीला ती व्हायोलिनं. अनेकांना हे जास्तीचं वाटलं. मला नाही वाटत. सतरा-अठराव्या वर्षीच्या प्रेमात माणसाला आपल्या मागे शंभर व्हायोलिनं वाजताहेत असंच वाटत असतं, आणि गावातल्या पोरांनाही तसं वाटायचा हक्क आहे. शेवट आठवा. ते लहान मूल दाराबाहेर चालत येतं आणि आवाज नाही. एवढा मोठा वाद्यवृंद आधी आपल्या कानात भरून ठेवलेला असतो म्हणूनच त्याचं नसणं इतकं सोसवत नाही. मी तो शेवट ‘कुंकू’बद्दल बोलणं झाल्यावर पुन्हा पाहिला, आणि मला तो जास्त समजला.

‘फँड्री’बद्दल कमी बोललं जातं. संगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. त्यातल्या शाळकरी जब्याच्या मनातली हुरहुर त्यात फार हळू येते. ऐकला नसेल त्यांनी ऐकावा. भास्कर चंदावरकरांचं काम तर आपण पुढच्या वेळी एक अख्खी बैठक काढून ऐकायला हवं. ‘सामना’ सिनेमाचं संगीत त्यांचं. नाटकवाल्या ठाणेकरांना ते ‘घाशीराम कोतवाल’मुळे जवळचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सिनेमाचं संगीत शिकवलं. सिनेमाचं संगीत कसं ऐकावं याचा इतका विचार करणारे संगीतकार आपल्याकडे फार झाले नाहीत. गडकरी रंगायतनात नाटक पाहताना ध्वनीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा हात बघा, एका निःश्वासावर तो कसा थांबतो ते. सिनेमातही ते मोजमाप कुणीतरी केलेलं असतं, फक्त तो हात आपल्याला दिसत नाही.

माझं सध्याचं ऐकणं आहे वनराज भाटिया. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकले, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकले, मुंबईत येऊन जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, आणि 1974 साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ केला. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतकं पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला माणूस तेलंगणातल्या शेतावरच्या सिनेमात किती कमी वाजवतो हे ऐकण्यासारखं आहे. हातात सगळं असताना तो दोन-चार वाद्यांवर थांबतो. मी दृश्यं न बघता नुसतं ऐकायचा प्रयत्न केला, पण भाटियांच्या बाबतीत ते जमत नाही, त्यांचं संगीत चित्राशिवाय अपुरं राहतं. झिमर, इटलीचे मोरिकोने, रहमान सुटे ऐकता येतात. यात कोण मोठा हा प्रश्न नाही, पण सुटं ऐकता येतं तेच चांगलं असं समजून आपण याद्या करतो आणि भाटियांसारखे लोक त्या यादीतून गळतात. हे थांबवायला हवं.

राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत हे विभाग कायमचे वेगळे झाले ते 2009च्या सिनेमांपासून. त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मान इलयाराजांना मिळाला, ‘पळशी राजा’ या मल्याळम सिनेमासाठी. संगीतकाराला निदान हे मिळालं. वाजवणाऱ्यांचं काय? मुंबईच्या सिनेमासंगीताचा डोलारा गोव्याकडच्या वादकांनी आणि कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्या अरेंजरांनी उभा केला. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत, पण त्यांच्यासमोर स्टँडवर कागद लावून बसलेली व्हायोलिनची अख्खी रांग बिननावाची राहिली. श्रेयनामावलीत त्यांना जागा नव्हती. पुढे सिंथेसायझर आले तशा त्या रांगा आक्रसत गेल्या आणि माणसं घरी बसली. ती माणसं आता वयस्क आहेत. तुमच्या सोसायटीत, ओळखीत, चर्चमध्ये, मुलाच्या गिटारच्या क्लासमध्ये असे कुणी असतील तर त्यांच्याकडे जा. एखादा तुकडा फोनवर लावा आणि विचारा, हे तुम्ही वाजवलंत का, शेजारी कोण बसायचं, रेकॉर्डिंग कुठे झालं, किती टेक झाले. त्यांना चालत असेल तर बोलणं ध्वनिमुद्रित करा. पुढच्या बैठकीत सिनेमाच्या आणि संगीतकाराच्या नावासोबत त्या माणसाचंही नाव, त्यांची हरकत नसेल तर, मोठ्याने घ्या. मी एका चेलोवादकांकडे जायचं ठरवलंय. कुणाला सोबत यायचं असेल तर व्याख्यानानंतर मला भेटा, मिळून जाऊ.