कामट्या, कागद आणि उजेड

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी आपल्याला इसामु नोगुची या शिल्पकाराविषयी सांगणार आहे. शिल्पकार हा शब्द सोयीसाठी वापरतो आहे, कारण या माणसाने दगड घडवले, बागा आखल्या, मुलांसाठी क्रीडांगणे कल्पिली, अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांसाठी नेपथ्य केले, घरातली मेजे केली आणि कागदाचे दिवेही केले. त्या दिव्यांची गोष्ट मला विशेष प्रिय आहे.

नोगुची यांचा जन्म १९०४ साली अमेरिकेत लॉस एंजलिस येथे झाला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका. बालपण आईबरोबर जपानमध्ये गेले. तेथे घर बांधायचे ठरले, तेव्हा त्या कामात आईने या लहान मुलालाही सामील करून घेतले आणि सुतारकाम शिकायला पाठवले. तेराव्या वर्षी त्याला एकट्याला अमेरिकेस धाडण्यात आले. जपानमध्ये तो परदेशी ठरला, अमेरिकेत जपानी ठरला. घरी अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलत वाढलेल्या माणसाला दोन अंगणांतले हे वाढणे थोडेफार उमगते. आपल्या अहिराणीला कोणी अशुद्ध मराठी म्हटले की मला आजही वाईट वाटते. ती आपल्या नियमांनी चालणारी पूर्ण भाषा आहे.

१९२७ साली नोगुची पॅरिसमध्ये ब्रांकुशी या नामवंत शिल्पकाराच्या हाताखाली दगडकाम शिकले. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले जात असताना, ते आपण होऊन ॲरिझोनातील पोस्टन छावणीत राहायला गेले. तेथील लोकांसाठी बागा आणि मैदाने करावीत, हा त्यांचा हेतू होता. तो तडीस गेला नाही.

आता ती गोष्ट. साल १९५१. हिरोशिमाच्या शांतता उद्यानाजवळील दोन पुलांच्या कठड्यांचे काम नोगुचींकडे आले होते, आणि तिकडे जाताना ते वाटेत गिफू या गावी थांबले. गिफूमधून नागारा नदी वाहते. तेथे रात्री होडीच्या टोकाला लोखंडी जाळीत लाकडे पेटवतात आणि त्या उजेडात पाणकावळे सोडून मासे धरतात. पाणकावळा आपल्या हतनूर धरणाच्या पाण्यावरही दिसतो, पंख पसरून वाळवत बसलेला. तिथे मात्र त्याच्या गळ्याला दोरी बांधलेली असते, त्यामुळे मोठा मासा त्याला गिळता येत नाही आणि कोळी तो काढून घेतो. हे पाहायला नोगुची गेले होते. गिफू हे कागदी कंदिलांचेही गाव. पण युद्धानंतर तो धंदा स्वस्त, शोभेच्या मालावर येऊन ठेपला होता, म्हणून तेथील महापौरांनी त्यांना विनंती केली की आमच्या कारागिरांसाठी काहीतरी नवे सुचवा.

नोगुची कारखान्यात गेले. आकाशकंदील आपण सर्वांनीच केलेला आहे, तेव्हा कामट्या आणि खळ यांच्याविषयी मी वेगळे सांगत नाही. गिफूची रीत कुठे निराळी आहे, तेवढेच सांगतो. तिथे आधी लाकडी फाळक्या जोडून साचा उभा करतात. त्या फाळक्यांच्या कडांना खाचा असतात. बांबूची दोऱ्यासारखी बारीक कामटी त्या खाचांतून वरपासून खालपर्यंत गोल गोल गुंडाळत नेतात. तिच्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद, पट्टी पट्टी करून, खळीने चिकटवतात. कागद वाळला की आतला साचा सुटा करतात आणि एकेक फाळकी कंदिलाच्या तोंडातून बाहेर काढतात. उरतो तो फक्त कागद आणि कामटी. तो दाबला की चपटा होतो, ओढला की पुन्हा फुगतो.

नोगुचींनी या रीतीला धक्का लावला नाही. कामट्या त्याच, कागद तोच, खळ तीच. त्यांनी कागदावरची चित्रे काढून टाकली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा ठेवला आणि आकार बदलले: कुठे खांबासारखा, कुठे लांबट भोपळ्यासारखा, तर कुठे एका बाजूस कललेला. असे शंभराहून अधिक आकार त्यांनी पुढे केले. कारागिराचा हात कायम ठेवून वस्तू नवी करणे, हे मला फार मोठे काम वाटते. आपल्याकडे मात्र दिवाळीत प्लॅस्टिकचे कंदील आले आणि कामट्या तासणारे हात रिकामे झाले, याची मला मनापासून खंत आहे.

या दिव्यांना त्यांनी ‘अकारी’ असे नाव दिले. जपानीत अकारी म्हणजे उजेड, आणि तो शब्द ज्या अक्षराने लिहितात, त्यात सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी असतात. धाब्याच्या घरात वाढलेल्यांना हा उजेड ओळखीचा वाटेल. साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, उतरलेला कवडसा दुपारभर जमिनीवरून कसा सरकतो, ते आपण पाहिलेले आहे. ही घरे पाडून आपण स्लॅब टाकले आणि भर उन्हाळ्यातला गारवा घालवून बसलो.

हिरोशिमाच्या त्या पुलांचे कठडे उभे राहिले. परंतु मृतांच्या स्मारकासाठी नोगुचींनी केलेला आराखडा नाकारण्यात आला, कारण ते अमेरिकन होते.

१९८६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अमेरिकेच्या वतीने त्यांची कला मांडली गेली. तेथे त्यांनी पांढऱ्या संगमरवराची एक घसरगुंडी ठेवली, जिच्यावरून खरोखर घसरता येत होते. भारतात येऊन त्यांनी दिल्ली आणि जयपूरच्या जंतरमंतरची छायाचित्रे घेतली होती, आणि तेथील दगडी जिन्यांची आठवण या घसरगुंडीत आहे. तिच्या जोडीला आतील दालनांत त्यांनी गिफूच्या कारागिरांनी केलेले, घडी होणारे कागदाचे दिवे लावले होते.

नमस्कार.