पश्चिमेला उगवलेला सूर्य

श्रोतेहो, नमस्कार.

१ मार्च १९५४ ची पहाट. पॅसिफिक महासागरात, मार्शल बेटांजवळ, एक लाकडी मासेमारी बोट उभी आहे. दाइगो फुकुर्यु मारू तिचं नाव. बोटीवर तेवीस जपानी खलाशी. ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, पकडायला लांबच लांब दोऱ्या पाण्यात सोडल्यात. उजाडायचंय अजून, आणि अचानक पश्चिमेकडचं आभाळ लाल-पिवळं पेटून उठतं. सूर्य उगवला की काय? पण पश्चिमेला? सात-आठ मिनिटांनी गडगडाट येऊन पोचतो.

मग दोनेक तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडू लागते. खलाशी दोऱ्या ओढतायत, कित्येक तासांचं काम ते. भुकटी केसांत, कॉलरच्या आत, डोळ्यांत जाते. डेकवर चाललं की पावलं उमटतात. एका तरुण खलाशानं ती जिभेवर ठेवून पाहिली. चव काहीच नव्हती. ही भुकटी म्हणजे भाजलेलं, किरणोत्सर्गी प्रवाळ होतं. पुढे जपान्यांनी तिला नाव दिलं ‘मृत्यूची राख’.

दीडशेएक किलोमीटरवर, बिकिनी बेटावर, अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली होती. हिरोशिमाचा बॉम्ब युरेनियमचा अणू फोडणारा. यात उलटं: हलके अणू एकमेकांत मिसळायचे, आणि त्यासाठी लागणारी प्रचंड उष्णता द्यायला काडी म्हणून आधी अणुबॉम्बच फोडायचा. शास्त्रज्ञांचा हिशेब पाच-सहा मेगाटनांचा होता; एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन स्फोटकांची ताकद. इंधनातला लिथियमचा एक प्रकार या खेळात भाग घेणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. त्यानं घेतला. स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा, हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती, तरी राख तिच्यावर पडली. मार्शल बेटांतल्याच रोंगेलॅप बेटावरची लेकरं त्या राखेत खेळली. तिथल्या माणसांना हलवायला दोन दिवस गेले.

मला सर्वांत जास्त आठवतो तो बोटीवरचा बिनतारी यंत्रचालक, आइकिची कुबोयामा. हाताशी रेडिओ होता, पण त्यानं स्फोटाची खबर किनाऱ्याला दिली नाही. संदेश सोडला तर अमेरिकी लष्कराला आपला सुगावा लागेल, ही भीती. दोन महासत्तांच्या गुप्ततेचं ओझं याइझू गावच्या एका कोळ्याच्या बोटांवर येऊन बसलं होतं. बोट १४ मार्चला परतली, तेव्हा खलाशांची कातडी भाजली होती, केस झडत होते. २३ सप्टेंबरला कुबोयामा गेला. चाळीस वर्षांचा होता.

आणि मग जे झालं, त्याचा अंदाज वॉशिंग्टनला नव्हता, मॉस्कोलाही नव्हता. याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी, आगळीक केलीत तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ, असा इशारा दिला होता. दोघांचाही हिशेब एवढाच, की समोरच्याकडे किती. राखेनं या हिशेबात तिसरा माणूस आणला. जपानात बाजारात आलेला मासा गाडावा लागला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी सह्या गोळा करायला दारोदार फिरल्या, आणि सव्वा वर्षात देशभरच्या सह्या तीन कोटींवर गेल्या. आपल्या लोकसभेत २ एप्रिलला पंडित नेहरू उभे राहिले, आणि अण्वस्त्रांबाबतच्या कराराला वेळ लागेल तर निदान चाचण्या तरी थांबवा, असं त्यांनी म्हटलं. बॉम्ब नसलेल्या देशानं बॉम्बवाल्यांना हे जाहीरपणे सांगणं, तेव्हा मोठी गोष्ट होती.

थांबलं कोणी नाही. १९६१ च्या ३० ऑक्टोबरला सोव्हिएत संघानं उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेमल्या बेटांवर पन्नास मेगाटनांचा बॉम्ब फोडला, तोही मूळ आराखड्याच्या निम्म्या ताकदीचा. असलं अस्त्र युद्धात कशाच्या कामाचं? ते दाखवण्यासाठीच होतं.

वर्षभरात क्युबाचं संकट आलं: सोव्हिएत संघानं अमेरिकेच्या दारात, क्युबात, क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली होती. तेव्हा कळलं, की खंडापलीकडे बॉम्ब अर्ध्या तासात पोचतो, निरोप नाही. सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हचं २६ ऑक्टोबरचं पत्र अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीच्या हाती पडायला बारा तासांच्या आसपास लागले. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत तार न्यायला सायकलवरून पोरगा यायचा. शेवटी २८ तारखेला क्षेपणास्त्रं मागे घेतोय हे सांगायला क्रुश्चेव्हनं कोणतं साधन वापरलं? रेडिओ. मॉस्को रेडिओवरून उत्तर वाचून दाखवलं गेलं, कारण तेच सर्वांत लवकर पोचणार होतं.

पुढच्या जूनमध्ये दोघांत थेट तारेचा करार झाला. चित्रपटात दिसतो तसा लाल फोन नव्हता तो, टेलिप्रिंटर होता. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या झाल्या. तीनच दिवसांनी भारतानं सही केली. या करारानं एकही बॉम्ब कमी झाला नाही, हे खरं. चाचण्या जमिनीखाली गेल्या; फ्रान्स आणि चीन बाहेरच राहिले. तरीही मी त्याला लहान म्हणणार नाही. पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत उतरणारं किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम त्यानंतर ओसरत गेलं.

ती बोट आजही टोकियोत आहे. मध्यंतरी ती कचरा टाकायच्या जागी सोडून दिलेली होती. लोकांनी आवाज उठवला, म्हणून वाचली. आता तिच्यावर छप्पर आहे. कुबोयामाचं स्मारक तिथेच, बोटीच्या शेजारी आहे.

नमस्कार.