पुराचा पैसा आणि गावची बोट

श्रोतेहो, नमस्कार.

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुराचा वेढा पडला होता. माणसं बाहेर काढायला हाताशी होती ती गावचीच बोट. तिला पेलवणार नाहीत इतके जण चढले आणि बोट उलटली. बाया, लेकरं बुडाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुणे जिल्ह्यात, सुदुंबऱ्याला. दल येईपर्यंतचे तास गावालाच निभवावे लागतात.

गाव त्या तासांसाठी किती तयार असतं, हे बरंचसं दिल्लीहून येणाऱ्या पैशाच्या वाटणीवर ठरतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आपल्यासाठी रुपयातले ७५ पैसे केंद्राचे, २५ राज्याचे. मोठा वाटा केंद्राचा, म्हणून निकषही केंद्राचे. पीक ३३ टक्के गेल्याचं पंचनाम्यात आलं तर मदत. ३२ टक्के आलं तर काही नाही. चिखलात उभ्या तलाठ्याला हा आकडा ठरवावा लागतो आणि गावाचा राग त्यालाच झेलावा लागतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. आपत्तीची झळ आधीच कमी करावी यासाठी वेगळा निधी असावा, असं त्यात तेव्हाच लिहिलं होतं. पण राज्यांना त्यासाठी ठरावीक वाटा मिळाला तो केंद्र-राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगामुळे, २०२१ पासून. मधली पंधरा-सोळा वर्षं पैसा मुख्यतः नुकसान झाल्यावरच हलायचा. याच काळात, २०१४ साली, पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं.

आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्तीच्या पैशाची घालून दिलेली वाटणी अशी: १०० रुपयांतले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्उभारणीला, २० झळ कमी करायला आणि पूर्वतयारीला १०. वीस रुपये आले, हे फार मोठं पाऊल आहे. पण बोट, लाइफ जॅकेट, दोर आणि ते वापरायला शिकलेली गावची पोरं, हे सगळं त्या शेवटच्या दहात बसवायचं. मला ते दहा अपुरे वाटतात. भरपाई बँकेत जमा होते, बातमी होते. तयारीचं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती मागायलाही कुणी जात नाही.

मे महिन्यात तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तुमचे सरपंच, ग्रामसेवक तिथे जाणार असतील तर त्यांना आधी गाठा. गावात बोट आहे का, तिच्यात किती माणसं बसवायची, आणि ती चालवणारा पावसाळ्यात गावात असतो का, एवढं विचारा. नसेल तर त्या दहा रुपयांतून आपल्या तालुक्याला काय मिळालं, ते बैठकीत विचारायला सांगा.

नमस्कार.