उचंत खातं

[काळोख. ट्रॅक्टरचे दिवे. जमिनीसरशी लेट्यूसचे गड्डे, त्यांवर दव.]

कॅलिफोर्नियातलं सलिनास खोरं. अजून उजाडायचंय. कमरेत वाकायचं, एका हातानं गड्डा धरायचा, दुसऱ्या हातातल्या सुरीनं बुडखा छाटायचा, वरची पानं झटकायची आणि पुढं सरकायचं. अमेरिकेच्या ताटातला हिरवा पाला बराचसा इथून जातो. नोव्हेंबर आला की माणसं, सुऱ्या, यंत्रं, मुकादम, सगळं बिऱ्हाड ॲरिझोनातल्या युमाला हलतं. तिथं हिवाळी पीक तयार असतं.

अमेरिकेच्या कामगार खात्याच्या पाहणीत पिकांवर राबणाऱ्या दर दहा मजुरांपैकी साधारण चार जण विनापरवाना निघतात. स्पॅनिशमध्ये 'सिन पापेलेस'. म्हणजे बिनकागदाचे.

पण एक कागद त्यांना दर आठवड्याला न चुकता मिळतो.

[पगाराची चिठ्ठी, अगदी जवळून.]

समजा, तासाला २० डॉलर आणि आठवड्याचे ४० तास. झाले ८०० डॉलर. त्याखाली कपातीची एक ओळ असते, 'फायका' नावाची. त्यातले ४९ डॉलर ६० सेंट सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाला. आणखी ११ डॉलर ६० सेंट मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्याला. मालकानं तेवढीच भर घालायची. म्हणजे या एका माणसाच्या एका आठवड्याच्या मजुरीतून पेन्शनच्या गंगाजळीत पडतात ९९ डॉलर २० सेंट.

आपल्याला हे पीएफसारखं वाटतं. तसं ते नाही. पीएफमध्ये आपलं खातं असतं, त्यात आपलाच पैसा व्याजासकट साठतो. इथं आजच्या कामगाराचा पैसा आजच्याच म्हाताऱ्याला जातो. कामगाराच्या नावावर जमा होते ती फक्त नोंद: अमुक इतकी वर्षं, अमुक इतका पगार. उद्याची पेन्शन त्या नोंदीवर ठरते. पैसा एका वाटेनं जातो आणि नोंद दुसऱ्या वाटेनं. पुढची सगळी गोष्ट या दोन वाटांची आहे.

[जुना कृष्णधवल फोटो: व्हरमाँटमधलं लहानसं गाव.]

या योजनेची पहिली मासिक पेन्शन मिळाली जानेवारी १९४० मध्ये, व्हरमाँट राज्यातल्या ल्युडलो गावच्या आयडा मे फुलर यांना. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. कपात सुरू झाली होती १९३७ मध्ये, आणि बाईंनी तीनेक वर्षांत भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. पुढे त्या शंभर वर्षं जगल्या. १९७५ मध्ये गेल्या तोवर त्यांना मिळाले २२,८८८ डॉलर ९२ सेंट.

यात लबाडी काहीच नव्हती. योजनाच तशी आहे: मागून येणाऱ्यांनी पुढच्यांना पोसायचं. मात्र त्यासाठी मागून माणसं येत राहावी लागतात.

[एक पाकीट उघडतं. आत प्लॅस्टिकच्या खिशात कार्ड.]

आता पगाराची नोंद ज्यावर होते त्या नऊ आकडी सोशल सिक्युरिटी क्रमांकाविषयी. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये पाकिटं बनवणारी एक कंपनी होती. १९३८ मध्ये तिनं पाकिटात नमुन्याचं एक सोशल सिक्युरिटी कार्ड घालून विकायला काढलं. कार्ड इथं कसं छान बसतं, हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. त्यावर क्रमांक छापला तो मात्र खरा. साहेबांच्या सेक्रेटरीचा! कार्ड आकारानं अर्धं, छपाई लाल, आणि वर 'नमुना' असं स्पष्ट लिहिलेलं. तरी लोकांना वाटलं, पाकिटाबरोबर नंबरही मिळाला. १९४३ मध्ये ५,७५५ माणसं त्या एका क्रमांकावर कामं करत होती. सगळी वर्षं मिळून आकडा गेला ४० हजारांच्या पुढं. शेवटी सरकारनं त्या बाईंना नवा क्रमांक दिला. त्यांना मनस्ताप झाला तो वेगळाच.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी, की हे ४० हजार लोक बहुतेक सगळे अमेरिकनच असणार. चुकीच्या नंबरावर पगार घेणं ही काही मेक्सिकोहून आलेली कला नव्हे. कार्डावर तर १९४६ पासून १९७२ पर्यंत छापलेलंच असायचं, की हे ओळखीसाठी नाही. पगाराची नोंद ठेवायला काढलेला तो क्रमांक. त्याला राखणदार बनवलं ते नंतर.

[१९८६. सही करताना राष्ट्राध्यक्ष रेगन.]

नोव्हेंबर १९८६. नवा कायदा आला. जवळपास २७ लाख विनापरवाना लोकांना त्यानं कायदेशीर केलं, आणि पुढं मालकानं प्रत्येक नव्या कामगाराची कागदपत्रं पाहिलीच पाहिजेत असं ठरवलं. पाहायचं किती? तर कागद वरवर खरा वाटला, की पुरे. फार खोदून विचारलं तर उलट मालकावरच भेदभावाचा खटला होऊ शकतो. मालकाला तेवढंच हवं होतं.

मग बाजार उभा राहिला. लॉस एंजेलिसमधलं मॅकआर्थर पार्क त्यासाठी कुप्रसिद्ध झालं. तिथल्या मालाला बोलीभाषेत 'पापेलेस चुएकोस' म्हणतात, वाकडे कागद. कधी क्रमांक बनावट, कधी कुणा जिवंत माणसाचा, कधी एखाद्या लहान मुलाचा. ज्याचा क्रमांक चोरला जातो त्याच्या दारात एक दिवस करखात्याची नोटीस येते, आणि आपण न कमावलेल्या पगाराचा खुलासा करत त्याला फिरावं लागतं. या गोष्टीत तोही आहे, त्याला वगळून चालणार नाही.

आणि कधी क्रमांक एखाद्या नातलगाचा असतो, नावासकट उसना. तेव्हा नाव-नंबर बरोबर जुळतात, राबतो एक आणि पेन्शन वाढते दुसऱ्याची.

[मेरीलँड राज्य. सोशल सिक्युरिटी प्रशासनाचं मुख्यालय, बाहेरून.]

जुळलं नाही तर? बाल्टिमोरजवळच्या या कार्यालयात दरवर्षी कोट्यवधी पगारांच्या नोंदी येतात. नाव आणि नंबर यांचा मेळ बसला नाही, की नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये टाकली जाते. आपल्याकडचे जुने हिशेबनीस अशा जागेला उचंत खातं म्हणतात. रक्कम आली, पण कुणाच्या नावावर मांडायची ते कळेना, तर ती तात्पुरती तिथं. इथलं 'तात्पुरतं' १९३७ पासून चालू आहे. त्यात लग्नानंतर बदललेली आडनावं आहेत, टंकलेखनाच्या चुका आहेत, स्पॅनिश दुहेरी आडनावांची उलटापालट आहे. आणि बिनकागदाचे लोक आहेत. १९३७ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी होत्या ३३ कोटी ३० लाख, आणि त्यांवरचा पगार १.२ लाख कोटी डॉलरहून जास्त.

लक्षात घ्या, या फाइलमध्ये पैसा अडकत नाही. पैसा केव्हाच गंगाजळीत पोचलेला असतो आणि कुणा आजीबाईंच्या खात्यात जमाही झालेला असतो. अडकतं ते नाव.

हे गुपित नाही. सोशल सिक्युरिटीच्याच मुख्य विमागणिती कार्यालयानं २०१३ मध्ये हिशेब मांडला. २०१० साली देशात विनापरवाना लोक अंदाजे १ कोटी ८ लाख. त्यांतले सोशल सिक्युरिटी कर भरून काम करणारे सुमारे ३१ लाख. बाकीचे कमावते रोखीच्या, बिननोंदीच्या धंद्यात. या लोकांकडून आणि त्यांच्या मालकांकडून त्या एका वर्षात आले १,३०० कोटी डॉलर. त्यांच्या वाट्याला गेले १०० कोटी. उरलेले १,२०० कोटी गंगाजळीला निव्वळ फायदा. वॉशिंग्टनमधल्या करधोरणावर काम करणाऱ्या एका संस्थेनं २०२२ साठी काढलेला आकडा आणखी मोठा आहे: एकट्या सोशल सिक्युरिटीला २,५७० कोटी डॉलर.

याच गंगाजळीतला निवृत्तिवेतनाचा साठा २०३३ मध्ये आटेल, असा विश्वस्तांचा २०२५ चा अहवाल सांगतो. त्यानंतर येणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्के देता येतील. १९६० मध्ये एका पेन्शनरामागे पाच कमावते होते. आता तीनसुद्धा नाहीत.

[लिफाफे छापणारं यंत्र.]

मधूनमधून सरकारला आठवण येते. मग मालकांना पत्रं जातात: तुमच्या अमुक इतक्या कामगारांची नावं-नंबर जुळत नाहीत, दुरुस्ती कळवा. पत्रातच लिहिलेलं असतं, की एवढ्यावरून कुणाला काढू नका. २००७ मध्ये मात्र सरकारनं नियम आणला, ९० दिवसांत जुळवा नाहीतर कामावरून काढा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी तो रोखला. पत्रं थांबली, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०२१ मध्ये पुन्हा थांबली.

याच ब्रेयर यांच्यासमोर आणखी एक जुनं प्रकरण आलं होतं. महायुद्धात मजूर कमी पडले म्हणून १९४२ पासून अमेरिकेनं मेक्सिकोहून कामगार आणले. 'ब्रासेरो', हातांनी राबणारे. हे रीतसर कागदावर आलेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के कापले जात. गावी परतलात की मिळतील, असा करार. पैसे मेक्सिकोतल्या बँकांकडे गेले आणि बहुतेकांना ते दिसलेच नाहीत. सत्तर-ऐंशीच्या घरातले म्हातारे अखेर कोर्टात गेले. मेक्सिको सरकारनं प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं कबूल केलं, पण १९४० च्या दशकातले मूळ कागद दाखवा म्हणाले. तोवर कितीतरी जण मरून गेले होते.

[पुणे. हिंजवडीतली संध्याकाळ, कंपन्यांच्या बसगाड्या.]

या गोष्टीचा एक धागा इथंही आहे. एच-वन-बी व्हिसावर पाच-सात वर्षं न्यू जर्सीत नोकरी करून परतलेल्या मराठी माणसाच्या पगारातूनही फायका कापला गेलेला असतो. पेन्शनला लागतात ४० क्रेडिट, वर्षाला फार तर चार. म्हणजे किमान दहा वर्षं. एकमेकांकडची वर्षं मोजून घेण्याचा करार अमेरिकेनं तीसेक देशांशी केलाय. भारताशी नाही. त्यामुळे त्याचेही पैसे तिथंच राहतात. फरक एवढाच, की त्याचं नाव नीट लिहिलेलं असतं, आणि तो घरी आल्यावर फेसबुकवर तक्रार करू शकतो.

[सलिनास. पत्र्याच्या घराची खिडकी.]

२००४ पासूनचा कायदा सांगतो, कामाचा परवाना असलेला क्रमांक कधीतरी मिळाला पाहिजे, तरच पेन्शन. मिळाला, तर मागची वर्षंही जोडून घेता येतात, पुरावा असेल तर. ती वर्षं मोजूच नयेत, अशी दुरुस्ती २००६ मध्ये सिनेटमध्ये आली होती. ५० विरुद्ध ४९ मतांनी ती बाजूला पडली. आणि एप्रिल २०२५ मध्ये तर, तात्पुरत्या परवान्यावर रीतसर क्रमांक मिळालेल्या सहा हजारांहून अधिक जिवंत स्थलांतरितांची नावं सरकारनं मृतांच्या यादीत घातली. नंबर बाद झाला की नोकरी, बँक, सगळंच अडतं.

[पलंगाखालून ओढलेला बुटांचा खोका.]

दरवर्षी जानेवारीअखेर मालकाकडून डब्ल्यू-टू येतो, वर्षभराच्या पगाराचा दाखला. चौथा रकाना: कापलेला सोशल सिक्युरिटी कर. वर नाव, कधी स्वतःचं, कधी उसनं. घडी घालून तो खोक्यात जातो, मागच्या वर्षीच्या दाखल्यावर. युमाला जाताना भांडी इथंच ठेवली जातात. खोका बरोबर घेतात.